तिस्काजवळचं भाजी-पावाचं हॉटेल : भाजी चोख, इतिहास सगळी फट

आधीच सांगते, कोंकणीत फट म्हणजे थाप; आणि हॉटेलाचं नाव लिहिणार नाही. टेबलं सहा, त्यातलं एक डुगडुगतं, आणि साडेसातनंतर गेलात तर उभ्याने खायची तयारी ठेवायची. नाव छापून मी माझीच खुर्ची कशाला घालवू? शोधायचंच असेल तर फोंड्याला तिस्कावर उतरा आणि मिरची भजी तळल्याचा वास येईल तिकडे चालायला लागा. पाच मिनिटांच्या आत सापडेल. दारावर पाटी आहे, पण तिच्यावरची अक्षरं पावसाने खाल्लीत. 'शुद्ध शाकाहारी'मधलं 'शु' तेवढं उरलंय.

माझी ओळख एवढीच की मी एकोणतीस वर्षं पणजीला एका छापखान्यात मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घ तर झालंच, पण सनावळ्या, गावांची नावं, जयंती की पुण्यतिथी, सगळं. चूक दिसली की उजवा हात आपोआप लाल पेन शोधायला लागतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी मेनूकार्डावरची 'मिर्ची भजि' वाचून माझी भूक अर्धी होते. अशी बाई गेलं वर्षभर आठवड्यातून चारदा या हॉटेलात जाते, याचं कारण नुसती भाजी असेल असं समजू नका.

तरी भाजीचं आधी सांगते, कारण ती खरी आहे.

पातळ भाजी 40 रुपये. सुका पांढरा वाटाणा रात्रभर भिजवलेला, बटाट्याच्या फोडी, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण. वर लाल तवंग, पण पोहून पैलतीर गाठावा इतका नाही. वाटाण्याची परीक्षा अशी: जिभेने टाळूवर दाबला की तो फुटला पाहिजे, पण सालातून निसटून पळता कामा नये. इथला वाटाणा वर्षभरात दोनदाच पळाला, दोन्ही वेळा गणपतीच्या सुट्टीत आचारी गावी गेला होता. 'मिक्स' मागितलंत तर त्याच पातळ भाजीच्या मधोमध सुक्या बटाटा भाजीचा गोळा बसवून देतात. तो हळूहळू खचत जातो आणि तळाशी जाईपर्यंत पातळ भाजीला दाटपणा येतो. मी मिक्सच घेते. मिरची भजीत मिरची खरोखर तिखट असते, बिया काढून शेपूट घातलेली नसते. चहा मात्र पाक आहे. साखर कमी सांगितली की पोरगा मान डोलावतो आणि तोच चहा लहान ग्लासात आणून देतो.

आता पाव. तो इथे बनत नाही, पोदेर (म्हणजे पाववाला) सायकलीवरून आणतो. मागच्या मोठ्या टोपलीवर निळं प्लास्टिक, त्याखाली गोणपाट, त्याखाली ऊबदार पाव, उंडे आणि पोळ्या. (गोव्याबाहेरच्यांसाठी: इथे पोळी म्हणजे पुरणाची नव्हे आणि चपातीही नव्हे. कोंड्याच्या पिठाचा चपटा, आतून पोकळ पाव, तो पोळी.) मला उंडा लागतो. हातात घेतला की वरचं कवच करकरतं. दोन अंगठे लावून मधोमध फोडला की आधी कडक आवाज, मग वाफ, मग किंचित आंबूस वास. पूर्वी हा आंबूसपणा माडाच्या सुरेचा, म्हणजे माडीचा असे. रेंदेर माडावर चढून सूर उतरवायचा आणि ती फसफसती सूर पिठात पडायची. आता माडावर चढणारेच थोडे राहिले, तेव्हा बहुतेक भट्ट्यांत यीस्ट. कवच मात्र अजून लाकडाच्या धगीचंच आहे, आणि तळाला अधूनमधून राखेचा एखादा ठिपका सापडतो. तो मी पुसत नाही.

या पावाच्या इतिहासासाठी हा एवढा प्रपंच.

पहिल्या दिवशी गेले तेव्हा 6.40 झाले होते. गल्ल्यावर भाई. सगळेच त्यांना भाई म्हणतात. साठीचे, कपाळाला गंध, खांद्यावर टॉवेल, गल्ल्याच्या खणात चिल्लर कमी आणि बडीशेप जास्त. मी भाजी-पाव सांगितला. "बस बाय, हाडटां," म्हणाले, आणि आणायचं सोडून माझ्याच टेबलाशी येऊन उभे राहिले. "उंडो गोल कित्याक, खबर आसा?" (उंडा गोल का, ठाऊक आहे?)

पुढचं मराठीत. भाई हिशोब कोंकणीत करतात आणि इतिहास मराठीत सांगतात, हे मला नंतर कळलं.

तर 1683 साली पोर्तुगीजांनी फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. तोफा डागून डागून गोळे संपले. व्हाइसरॉयने जुन्या गोव्याला चिठ्ठी धाडली की लोखंडाचे गोळे, कडक, दोन हजार, तातडीने पाठवा. वाटेत चिठ्ठी भिजली, 'लोखंडाचे' हा शब्द पुसला गेला आणि चिठ्ठी गेली ती थेट भट्टीवर. दुसऱ्या दिवशी पहाटे तोफांतून दोन हजार उंडे किल्ल्यात. आत मावळ्यांच्या चुलीवर पातळ भाजीचा टोप तयारच होता, अडलं होतं ते पावासाठी. तीन दिवस किल्ला पोटभर जेवला. चौथ्या दिवशी तटावरून एकाने हाक मारली, "उद्याचे जरा जास्त भाजा!" व्हाइसरॉय लाजेने वेढा उठवून चालता झाला.

"भाई, वेढा नोव्हेंबरात होता," मी म्हटलं. "चिठ्ठी कशाने भिजली?"

"अवकाळी."

हात पेन शोधायला लागला. कारण निम्मं बरोबर होतं! 1683 बरोबर, फोंड्याचा वेढा बरोबर. व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर स्वतः फौज घेऊन आला होता, संभाजी महाराज जातीने चालून आले आणि त्याला माघार घ्यावी लागली, हेही बरोबर. खोटे ते फक्त उंडे. शिवाय भाजीतला बटाटा आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्याच जहाजांनी इकडे आणलेली. म्हणजे भाईंच्या गोष्टीत किल्ला वाचला तोही शत्रूच्या मालावर. हे मी बोलून दाखवलं.

"म्हणूनच तर," भाई म्हणाले. म्हणूनच तर काय, ते विचारेपर्यंत बाहेर भोंगा वाजला आणि भाई टोपलीकडे धावले.

दुसऱ्या आठवड्यात कात्रे पाव. हा दोन पंखांच्या फुलपाखरासारखा, मध्ये जोडलेला. भाईंच्या म्हणण्याप्रमाणे पोर्तुगीज सरकारने एका काळी दर नगामागे कर लावला. पोदेरांनी कातरीने पाव अर्धा कापला आणि सांगितलं, आमच्याकडे नग नाहीतच, सगळे अर्धे आहेत. सरकार म्हणालं, मग दोन अर्ध्यांचा एक नग मोजा. पोदेर म्हणाले, या अर्ध्याचा दुसरा अर्धा हाच कशावरून? प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशाने हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत पाव पुरता कापू नये आणि पुरता जोडूही नये, जैसे थे ठेवावा. तेव्हापासून तो तसाच आहे. "वकील मेले, न्यायाधीश मेला, सरकार गेलं. तारखा पडतायत."

फोंड्याच्या कोर्टात कुळ-मुंडकाराच्या खटल्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला यातलं एक अक्षरही अशक्य वाटणार नाही. शेजारच्या टेबलावर एक वकीलच बसले होते, काळा कोट खुर्चीच्या पाठीला लावून. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठल्या कोर्टात?"

कांकणाची गोष्ट तेवढी जमलेली नाही. कांकण म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव. फेरीबोटीत अंधारात कासाराची आणि पोदेराची टोपली बदलली, नवरीने पावाची कांकणं भरली आणि नवरदेवाने भुकेपोटी तिचा हात चहात बुडवला. ही गोष्ट घाईत रचलेली होती. लग्नात चहा आला कुठून, याला भाईंकडे उत्तर नव्हतं. मी दहापैकी चार दिले. त्यांनाही पटलं.

भोंग्याची मात्र ऐका. सायकलचा भोंगा 'पों पों' वाजतो तो उगाच नाही, म्हणे. पोर्तुगीज काळात प्रत्येक पोदेराच्या भोंग्याला लिस्बनहून मास्तर लावून भाषा शिकवत. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, साहेब गेले, त्यांचे कागद गेले, मास्तर गेले. पोर्तुगीज बोलणारा भोंगा तेवढा मागे राहिला, कारण त्याला सायकलीवरून उतरता येईना.

इथे मी भाईंना लाल शेरा न मारता सोडलं. पोर्तुगीजांत पावाला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण 'पांव', आणि तोही नाकातून. भोंगाही नाकातूनच बोलतो. आपला 'पाव' तिथूनच आला आणि 'पोदेर'ही त्यांच्या 'पादेइरू'वरून, म्हणजे भट्टीवाला. बटाटा, काजू, अननस, चावी, घमेलं हे सगळे त्याच वाटेने आलेले पाहुणे. इतकंच काय, मी एकोणतीस वर्षं दर महिन्याला जो पगार उचलला तोसुद्धा.

आता तुम्ही विचाराल, खोटा इतिहास ऐकून चूक शोधणाऱ्या बाईचा जीव कासावीस कसा होत नाही? होतो. पण इथे नाही, पणजीत झाला. भाचीने वाढदिवसाला एका चकचकीत कॅफेत नेलं होतं. जुन्या घराचं केलेलं, खुर्च्या मुद्दाम वेगवेगळ्या. उंड्याचे तीन काप, वर कसलंसं लोणी आणि गवताची काडी, 280 रुपये. टेबलावर लॅमिनेट केलेलं कार्ड, मथळा 'पावाचा वारसा'. त्यात लिहिलं होतं की वास्को द गामाने 1498 साली गोव्यात पहिली भट्टी लावली. 1498 ला तो उतरला कालिकतजवळ. गोवा घेतला आफोंसो द आल्बुकेर्कने, 1510 साली. पुढे लिहिलं होतं, पीठ पायांनी मळत म्हणून नाव पाव. अहो, 'पांव' म्हणजे पाय हे हिंदीत! आपल्याकडे असतं तर त्याला 'पाय' म्हणाले असते आणि आपण सकाळी चहात पाय बुडवून खाल्ले असते. खाली आणखी एक पर्याय होता: चार जोडून भाजतात, म्हणून प्रत्येक एक पाव, म्हणजे चौथा भाग. हा रचणाऱ्याचं मला कौतुक वाटलं, पण चूक ती चूक. मी वेटरला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, कार्ड मुंबईहून येतं." बाहेर पडल्यावर भाची माझ्याशी आल्तिन्होची चढण संपेपर्यंत बोलली नाही.

भाईंचं तसं नाही. गोष्ट संपली की मी विचारते, "भाई, हे खरं?" ते बडीशेप चावत म्हणतात, "सगळी फट, बाय." कधीही आढेवेढे नाहीत.

पायांनी मळण्याच्या गोष्टीवर माझा राग जुना आहे. आमचं घर अंत्रुजातलं, म्हणजे फोंड्याच्याच भागातलं, कवळ्याच्या वाटेवर. आजीच्या राज्यात पाव उंबऱ्याच्या आत येत नसे. पोदेर पाव कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवायचा, आजोबा उचलायचे आणि पडवीतच बसून खायचे. खाऊन झालं की हात धुऊन, चूळ भरून मगच आत. आजीची कारणं तीन. एक, पायांनी मळतात. दोन, पोर्तुगीजांनी म्हणे विहिरीत पाव टाकला आणि न कळता पाणी प्यालेला सगळा गाव बाटला. ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत घरोघर सांगत, आणि आजी सांगायची तेव्हा आमच्या मागच्या विहिरीकडे बघून सांगायची. तीन, पिठात सूर घालतात. यातलं तिसरं कारण पक्कं होतं, पण आजी नेहमी पहिलं पुढे करायची. पाय कुणाचे, हे ती कधी बोलली नाही. मी आठ वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, पोदेराच्या घरी पाय धुवायला वेगळी खोली असेल.

ताप आला की मात्र सगळं बदले. पेज नको झाली की आजीच गडग्याकडे बोट दाखवायची. काळा चहा, त्यात कांकण. ते लगेच भिजत नाही. एक बाजू मऊ, दुसरी कडक अशी अवस्था येते, नेमकी तेव्हाच उचलायची, नाहीतर तुकडा तळाशी. आजी कपाशी बसून सांगायची, "आता... आता काढ." औषधाला विटाळ नाही, असा तिचा नियम. मी पुष्कळदा बरी होऊनही दोन दिवस आजारी राहिले.

हे सगळं मी एकदा भाईंना सांगितलं. ते टॉवेल हातात घेऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, "पायांची ती गोष्ट ज्याने रचली त्याला कोपरापासून नमस्कार. माझ्या फटींनी आजवर एक माणूस उपाशी राहिलेला नाही."

आता तक्रारी, कारण त्या लिहिल्या नाहीत तर तुम्ही मला भाईंची बहीण समजाल. हात धुण्याच्या नळाला पाणी आहे, पण नळ फिरवायला पक्कड लागते. ती शेजारी दोरीने बांधून ठेवली आहे. सकाळी नऊपर्यंत फोनवरून पैसे घेत नाहीत, कारण त्या फोनवर पोरगा भजनं लावतो. दहाला भाजी संपते, आणि संपली की दहाला एक मिनिट असलं तरी ओशाळल्यासारखं काही करत नाहीत, सरळ खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकतात. पावसाळ्यात डुगडुगत्या टेबलाखाली कपबशीची बशी सरकवली जाते; तीच बशी पुढे चहाला येते की नाही, हे मी पाहायचं टाळलं आहे.

मुख्य तक्रार जूनमधली. धो धो पाऊस, सात वाजून गेले तरी भोंगा नाही. भाईंनी माझ्यापुढे उंडा ठेवला. अंगठे लावले तर फुटेना. करकर नाही, वाफ नाही, वास नाही. आदल्या दिवशीचा. मी वर पाहिलं तर भाई भिंतीकडे तोंड करून सांगत होते, की जुन्या काळी प्रतिष्ठित घरांत उंडा एक दिवस मुरवत ठेवायची पद्धत होती, आणि ताजा उंडा म्हणजे अगदी...

"भाई."

"कालचो," ते म्हणाले. पैसे घेतले नाहीत. पण त्या उंड्याने माझ्या डोक्यात एक शंका सोडली. मी घरी येऊन दुधाच्या हिशोबाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि त्या दिवसापासून दोन रकाने भरायला लागले: पोदेर किती वाजता, आणि गोष्ट किती लांब. महिनाभरात चित्र स्वच्छ झालं. पोदेर 6.35: गोष्ट नाही, भाई मान वर करत नाहीत. 6.45: एखादी लहानशी, कांकणाच्या दर्जाची. 6.55: कोर्टकचेरी. सातनंतर: वेढा, तोफा, मनुष्यहानी. गोव्याच्या पावाचा सगळा इतिहास त्या सायकलीच्या उशिरावर चालला होता! भाजी तयार, गिऱ्हाईक बसलेलं, पाव नाही. अशा वेळी उठून जाणाऱ्या माणसाला खुर्चीत धरून ठेवायचा हा भाईंचा धंद्याचा मार्ग. आणि चालतो तो. त्या वर्षभरात पाव नाही म्हणून उठून गेलेला एकच माणूस मी पाहिला. तो वेढ्याची गोष्ट तिसऱ्यांदा ऐकत होता.

हे कळल्यावर मी सव्वासहाला जायला लागले.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सात वाजून दहा मिनिटं झाली तरी भोंगा वाजला नव्हता. सहाही टेबलं भरलेली, दोघे दारात उभे, कदंब बसचा एक कंडक्टर पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. भाई गल्ल्यामागून बाहेर आले. टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर. "पोळी आतून पोकळ कित्याक, कोण सांगता?"

कुणी सांगेना. तर, पोळी हा मुळात पाव नव्हेच, ते पाकीट आहे. पोस्ट सुरू व्हायच्या आधी पत्रं पोळीत घालून पाठवत. आत कागद, कड दाबून बंद, वरचा कोंडा म्हणजे तिकीट. जितकं लांबचं पत्र तितका कोंडा जास्त. जुन्या गोव्यात एक कारकून होता, तरुण, एकटा, अक्षर सुंदर. (इथे भाईंनी माझ्याकडे पाहिलं.) त्याने आपल्या फोंड्यातल्या एका मुलीला एकदाच, जत्रेत, लांबून पाहिलेलं. तो सहा महिने रोज एक पत्र लिहायचा आणि फाडायचा. सातव्या महिन्यात एक पत्र त्याने फाडलं नाही. पोळीत घातलं, दामदुप्पट कोंडा लावला आणि होडीत दिलं. होडी दुर्भाटच्या धक्क्याला लागेपर्यंत रात्र झाली. टपाल नेणारा सकाळपासून उपाशी. त्याने पिशवीत हात घातला. पोळी अजून ऊन होती...

"ऊन कशी राहील?" मी म्हटलं. "जुन्या गोव्याहून दुर्भाट!"

"गप गो बाय," कंडक्टर म्हणाला.

टपालवाल्याने कड थोडी तोडली. मग आणखी थोडी. धक्क्यावर कंदील होता, त्या उजेडात त्याला आतला कागद दिसला. पाकीट संपलं होतं, आता पत्र कुणाचं हेही कळायला मार्ग नाही, कारण पत्ता कोंड्यावर लिहिलेला. तेव्हा त्याने कागद उलगडला. त्यात एकच ओळ होती. ती ओळ अशी, की...

पों पों.

भाई वाक्य तिथेच टाकून बाहेर. निळं प्लास्टिक उचललं गेलं, पोरगा पाव मोजायला लागला, आतून भाजीच्या बशा सुटल्या, कंडक्टरने दोन उंडे रुमालात बांधले आणि बस पकडायला पळाला. मी भाजी खाल्ली, चांगली होती, चव आठवत नाही. गल्ल्यावर पैसे देताना विचारलं तर मागे चार माणसं उभी होती आणि भाई कोंकणीत सुट्टे मोजत होते.

दुसऱ्या दिवशी मी सहालाच गेले. पोदेर 6.30 ला हजर. भाईंनी स्वतः बशी आणून ठेवली.

"भाई, पत्रात काय लिहिलं होतं?"

"कसलें पत्र? खा बाय, उंडो निवता."

तेव्हापासून आज सतरा दिवस झाले, पोदेर एकदाही उशिरा आलेला नाही. त्याने नवी सायकल घेतली आहे, म्हणे, मोटारवाली.